नवा शब्द लिहिण्याआधी

नवा मराठी शब्द लेखात घालायचा तर आधी त्याला विभक्ती लावून मोठ्यानं म्हणून पाहावं. संगणकाला, संगणकावर, संगणकीय, संगणकीकरण: कुठेच अडखळायला होत नाही, म्हणून ‘संगणक’ रुळला. ‘भ्रमणध्वनीवरून’ म्हणताना आठ अक्षरं होतात. बेळगावच्या खडेबाजारात तो शब्द कानावर पडत नाही, मोबाईलच चालतो. सावरकरांचे दिनांक, क्रमांक, महापौर आज कुणाला नवे वाटतही नाहीत. ‘महापौर’ तर इथल्या कन्नड बातम्यांतही असतो.

मग लिंग. समासाला बहुधा शेवटच्या पदाचं लिंग लागतं: स्थळ नपुंसकलिंगी, म्हणून ते संकेतस्थळ. चूक होते ती सगळा मजकूर ‘वेबसाइट’ धरून लिहून शेवटी शब्द बदलताना. वेबसाइट ती, त्यामुळे मागं ‘नवी संकेतस्थळ सुरू झाली’ असलं काहीतरी उरतं. शब्द बदलला की त्याची विशेषणं, क्रियापदं आणि पुढच्या वाक्यातली सर्वनामंही तपासावीत.

सीमाभागात आणखी एक पारख लागते. खानापूर-निपाणीकडचा वाचक बऱ्याचदा शाळेत, कचेरीत कन्नडही वाचतो, आणि संस्कृतावरून घडवलेला शब्द त्याला तिकडच्या अर्थानं लागू शकतो. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय, ‘अवसर’ म्हणजे घाई. अशा पदांवरून नवा समास घडवू नये. घडवलाच तर पहिल्याच वाक्यात उदाहरण द्यावं.

सरकारी कामाबद्दल लिहिताना तर नवं नाव पाडूच नये. वाचकाला खिडकीवर तेच नाव सांगायचं असतं. तोंडी रेशन कार्ड, कन्नड कागदावर ‘पडितर चीटी’. आपण नुसतं ‘शिधापत्रिका’ लिहिलं तर ते दोन्हींशी जुळत नाही. ‘गृहलक्ष्मी’सारखं योजनेचं नाव जसंच्या तसं ठेवावं.

पुष्कळदा नवं नाम लागतच नाही, जुनं क्रियापद पुरतं. आधार ‘लिंक करा’ऐवजी ‘जोडा’ लिहिलं की काम भागतं. पण हेही डोळे झाकून करू नये. ‘डाउनलोड’ला ‘उतरवून घेणे’ चांगलंच आहे, फक्त जमिनीच्या कागदाला इथं उताराच म्हणतात, आणि ‘उतारा उतरवून घ्या’ वाचून शेतकरी तो हातानं लिहून काढायला बसेल. तिथं ‘उतारा डाउनलोड करा’ असंच लिहावं.