कधी चालू होतो, कधी नाही

डेस्कटॉप पूर्ण बंद पडला असेल तर दोष तुलनेने लवकर सापडतो. डोकं खातो तो कधी चालू होणारा आणि कधी न होणारा, कारण तुम्ही काहीही केलंत तरी पुढच्या वेळी तो आपसूक चालू होऊ शकतो. मग रॅम काढून परत बसवली आणि मशीन चालू झालं, की सगळं खापर रॅमवर फुटतं. समजा, तीनपैकी एकदा मशीन चालू होत नाही. मग काहीही न बदलता ते सलग तीनदा चालू होण्याची शक्यता जवळपास ३० टक्के असते, सलग दहादा होण्याची मात्र २ टक्क्यांहून कमी. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दहा सुरुवाती नीट झाल्याशिवाय 'सुटलं' म्हणायचं नाही. या सुरुवाती मशीन पूर्ण थंड झाल्यावरच्या हव्यात. रीस्टार्ट यात धरू नका, त्यात एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बंदच होत नाही.

आधी मशीन नेमकं कुठे अडतं ते पाहा.

बटण दाबूनही काहीच हलत नसेल तर सुरुवात बटणापासूनच करा. मदरबोर्डवरची पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. असं दर वेळी चालू होत असेल तर बटण खराब आहे. रीसेटची वायर त्या पिनांवर लावली की रीसेटचं बटण पॉवरचं काम करतं, एक पैसाही खर्च न होता.

सकाळी दोन-तीनदा दाबावं लागतं आणि नंतर दिवसभर तक्रार नसते, हे लक्षण बहुधा एसएमपीएसचं. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. थोडं गरम झालं की गाडी रुळावर येते. मशीन बंद पण वीज चालू असताना २४ पिनांच्या कनेक्टरवरची जांभळी वायर (पिन ९) मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. राखाडी वायरवर (पिन ८) चालू केल्यावर अर्ध्या सेकंदात ५ व्होल्टच्या आसपास यायला हवं. हा 'सगळं ठीक' असा इशारा आला नाही तर पंखे फिरतात, पण बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो. साधा मल्टिमीटर रिपल (व्होल्टेजमधले झटपट चढउतार) दाखवत नाही, त्यामुळे आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवण्याच्या चाचणीला तर फारच कमी अर्थ आहे, कारण तेव्हा लोडच नसतो. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणं हाच खरा निवाडा. जुना उघडू मात्र नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा वेळी बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघा. सीपीयूजवळचा ८ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना, तेही तपासा. मग विजेची केबल काढून एकच रॅम ठेवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर ती सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरही चालतो, पण कॅबिनेटपासून लांब, नाहीतर त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू असेल तर बंद करून पाहा, कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. डीडीआर५ रॅम नवीन बसवली किंवा बायोस रीसेट केलं की बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. ते बिघाड समजून वीज तोडली की पहिल्यापासून सुरुवात.

तारीख-वेळ मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. संपलेल्या सेलमुळे मशीन सहसा अडत नाही, पण बोर्ड सेटिंग विसरल्याने डिस्क सापडेनाशी होऊ शकते.

लोगो येऊन विंडोज अडत असेल आणि रीस्टार्टला मात्र त्रास नसेल, तर आधी कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की शटडाउन करताना विंडोज कर्नलची (आपल्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. रीस्टार्टमध्ये असं होत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमधला (विंडोजच्या नोंदवहीतला) कर्नल-पॉवर ४१ बघून घाबरू नका, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो. साटा डिस्क असेल तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडे पाहा. सी७ (केबलवरून डेटा जातानाच्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल बदलून काम होतं. ०५ किंवा सी५ (डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा) वाढत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या.