पोराच्या आईने अँकिलची बाजू का घ्यावी?

गणपतीत विचारलंत, कोजागिरीला विचारलंत, परवा पुण्याहून भाच्यानेही फोनवर तेच विचारलं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे सेंट लुईसच्या आपल्या मराठी मंडळाच्या पुढच्या पॉटलकला मला सुखाने जेवता येईल. प्रश्न असा, की माझ्या मुलाला शाळेच्या बेसबॉल टीममधून वगळून त्याची जागा एका घसरलेल्या गुणी पोराला दिली तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं. मग त्याच तोंडाने रिक अँकिलचं, पडून परत उठलेल्या त्या बेसबॉलपटूचं, कौतुक कसं करते? ६६ नंबरची जर्सी घालून स्टेडियमवर कशी जाते? संघाचा मोठा तारा पुजोल्स, त्याची मिळत नव्हती का?

मिळत होती. पुजोल्सला माझी गरज नव्हती.

सेंट लुईसकरांना अँकिल कोण ते सांगायला नको. भाच्यासाठी एवढंच, की १९९७ मध्ये कार्डिनल्सनी, म्हणजे आमच्या सेंट लुईसच्या क्लबने, फ्लोरिडातल्या या शाळकरी डावखुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पंचवीस लाख डॉलर बोनस देऊन घेतलं, आणि २००० साली त्याने १७५ इनिंगमध्ये (एका सामन्यात नऊ असतात) १९४ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. वय वर्षं एकवीस. भाच्याला या विषयाचं वेड लागलंय ते पृथ्वी शॉमुळे. मुंबईच्या रणजी संघातून वगळलेला शॉ २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे आला, चंदीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं, आणि तेव्हापासून पोरगं मला विचारतंय, “मावशी, तुझ्या बेसबॉलमध्येही असल्यांना घेतात का?”

घेतात की. नेहमीच घेतात, आणि दानधर्म म्हणून नाही. मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांतल्या, खेळाडूला क्लब तेव्हा जे द्यायचा त्यात घरभाडं सुटलं तरी पुष्कळ. बोनस तर कधीच खर्च झालेला असतो. चुकलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, जमलं तर घबाड. जॉश हॅमिल्टनला टॅम्पाने १९९९ मध्ये सगळ्यात पहिला निवडला, व्यसनांपायी तो वाया गेला, आणि २००६ च्या डिसेंबरात सिनसिनाटीने त्याला एक लाख डॉलरच्या आसपास उचलला. २०१० मध्ये तो टेक्सासकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पुढे परत दारूकडे वळला तेही जगजाहीर आहे. हिशोबाने मात्र लाखभर डॉलर फुकट गेले असं कोणी म्हणणार नाही. तर हे झालं क्लबचं उत्तर. माझं वेगळं आहे.

३ ऑक्टोबर २०००. प्लेऑफचा पहिला सामना, समोर अटलांटा ब्रेव्हज, त्यांचा पिचर ग्रेग मॅडक्स. मॅनेजर टोनी ला रूसाने पत्रकारांपुढे डॅरिल काइल या दुसऱ्या पिचरला बसवलं, म्हणजे सुरुवात तोच करणार असं सगळ्यांना वाटावं आणि या पोराच्या मागे आदल्या दिवशी कोणी लागू नये. पिचरचा चेंडू झेलणारा नेहमीचा कॅचर मॅथनी हात कापून बसलेला. वाढदिवसाला भेट मिळालेल्या शिकारीच्या सुऱ्याने. त्याच्या जागी कार्लोस हर्नांडेझ. पहिल्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सनी सहा धावा काढल्या होत्या. आता काय, चहा टाकावा इतकं निवांत.

तिसऱ्या इनिंगमध्ये अँकिलने मॅडक्सला वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून त्याला फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. समोरच्या पिचरला, ज्याला बॅट धरायची हौस नाही, त्याला! ठीक आहे, होतं असं कधीकधी. मग अँड्रू जोन्स खेळत असताना एक चेंडू हर्नांडेझच्या आवाक्याबाहेरून थेट मागे गेला. वाइल्ड पिच. मग आणखी एक. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, टीव्हीपुढे मांडी घालून बसलेला. त्याला वाटलं, हा दादा मुद्दाम टाकतोय. कॅचर उठून मागे पळाला की तो खदखदून हसायचा. तिसऱ्यांदा हसला तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, आणि तो रडायला लागला. त्याला आत नेऊन गप्प करून मी परत आले तरी तीच इनिंग चालू होती.

पिचरपासून प्लेट, जिथे बॅट्समन उभा असतो ती, साडेसाठ फुटांवर असते, क्रिकेटच्या बावीस यार्डांहून थोडी जवळच. एवढ्या अंतरावर तो पोरगा लहानपणापासून डोळे मिटूनही टाकू शकत होता. मध्येमध्ये स्ट्राइक, म्हणजे नेमके चेंडूही पडत होते, आणि तेच बघवत नव्हतं. दुखापत असती तर हात धरून बाहेर नेला असता. हात ठणठणीत होता. ज्या गोष्टीचा कधी विचारच करावा लागला नव्हता, तिचा विचार त्याच्या डोक्यात शिरला होता, आणि तो जाईना. त्याच वर्षी त्याचे वडील अमली पदार्थांच्या तस्करीत तुरुंगात गेले होते. हे कारण म्हणून सांगत नाही, कारण कोणालाच माहीत नाही. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच, चार वॉक. असं १८९० नंतर कोणाचं झालं नव्हतं. इनिंग संपायला तीन आउट लागतात, दोन झालेले असताना ला रूसाने त्याला काढलं. सामना कार्डिनल्सनी ७-५ असा जिंकला, हे आज इथल्या माणसांनाही आठवून सांगावं लागतं.

पुढच्या फेरीत न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध पहिल्या इनिंगमध्येच त्याला बाहेर यावं लागलं. २००१ मध्ये एका सामन्याआधी तो व्होडका पिऊन उतरला, हे त्यानेच नंतर सांगितलं. मेम्फिसला, मायनर लीगमध्ये पाठवला तर साडेचार इनिंगही पुऱ्या नाहीत आणि १७ वॉक. मग कोपराचं ऑपरेशन. २००४ मध्ये थोडा परतला, आणि २००५ च्या मार्चमध्ये त्याने पिचिंग सोडलं. म्हणाला, आउटफिल्डर होतो, म्हणजे मैदानाच्या टोकाला क्षेत्ररक्षण करतो, आणि बॅटिंग करतो. आणि क्लब हो म्हणाला.

त्या वेळी मी काय म्हणाले होते ते तुमच्यापैकी काहींना चांगलं आठवतंय, दरवेळी ऐकवता. म्हणाले होते, हा लाड आहे. पंचवीस लाखांचं पोर म्हणून लाड. पाच हजारांत घेतलेल्या पोराने असं म्हणून बघावं, दुसऱ्या दिवशी घरी. ते मी आजही खोडून काढू शकत नाही. ज्याच्याकडे एकदा देवाने भरभरून दिलेलं दिसलं, त्याला माणसं दहा संधी देतात, आणि बाकीच्यांना एक, तीही पावसातल्या सरावात.

९ ऑगस्ट २००७ ला तो आउटफिल्डर म्हणून मुख्य संघात वर आला. मी स्टेडियमवर नव्हते, रेडिओ लावून गाडीत बसले होते. सातव्या इनिंगमध्ये त्याने तीन धावांचा होम रन मारला, आपल्या षटकारासारखा. दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर हात आपटत होता, ओळख ना पाळख, आम्ही काचा खाली करून एकमेकांकडे बघत ओरडलो. हे तुम्हाला मी रंगवून सांगते. एक गोष्ट सांगत नाही, ती आज सांगते. त्या दिवशी जागा रिकामी झाली ती स्कॉट स्पिझिओची. आदल्याच वर्षी संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून देणाऱ्यांतला तो एक, व्यसनापायी त्याला यादीतून बाजूला काढावं लागलं होतं. एक पडलेला उठला तो दुसऱ्या पडलेल्याच्या जागेवर. मी टाळ्या कोणासाठी वाजवत होते, हे त्या पार्किंगमध्ये माझ्या मनातही आलं नाही.

महिन्याभरात बातमी आली, की २००४ मध्ये अँकिलने ग्रोथ हॉर्मोन मागवलं होतं. तेव्हा बेसबॉलमध्ये त्यावर बंदी नव्हती, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलं असं तो म्हणाला, शिक्षा झाली नाही. मला त्रास झाला का? झाला. जर्सी काही दिवस कपाटात होती. मग परत काढली.

आता मुलाचं. तो पिचर म्हणून साधाच होता. वेग नाही, पण चेंडू सांगाल तिथे, आणि सराव एकदाही चुकवला नाही. शेवटची एक जागा होती. कोचने ती अशा मुलाला दिली, ज्याला आदल्या वर्षी गैरहजेरीसाठी काढून टाकलं होतं. कोच म्हणाला, असा हात शिकवून येत नाही. मला हे वाक्य पाठ होतं, अँकिलबद्दल मीच कितीदा म्हटलं होतं. तरी मी त्याच्या तोंडावर म्हटलं, शाळा म्हणजे धंदा नाही.

यावर माझं ठरलेलं उत्तर आहे, की क्लबचा व्यवहार वेगळा, शाळेचं कर्तव्य वेगळं. बरोबर आहे ते. फक्त ते दिल्यावर मला झोप लागत नाही. अँकिलची ती इनिंग मी डोळ्यांनी पाहिली होती. त्या दुसऱ्या मुलाची तसली इनिंग कधी झाली, कुठे झाली, घरी की वर्गात, मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं असंही म्हणत नाही. माझं पोर खोलीचं दार लावून बसलं होतं. त्या मुलाने पुढे दोन-चार सामने बरे टाकले आणि येणं बंद केलं. याने तुमचाही मुद्दा सिद्ध होतो, माझाही, कसाही फिरवा.

२०१० च्या ऑक्टोबरात अँकिलने प्लेऑफमध्ये अकराव्या इनिंगमध्ये होम रन मारला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. तेव्हा तो ब्रेव्हजकडे होता. हो, त्याच ब्रेव्हजकडे. एव्हाना त्याला घेणारा तो तिसरा क्लब. एकूण ७६ होम रन मारून तो थांबला. थोर म्हणावा असा बॅट्समन कधीच झाला नाही, हेही मान्य.

नवरा म्हणतो, तुला पडलेली माणसं आवडतात, फक्त ती आपल्या घराच्या वाटेत पडलेली नकोत. यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि अजून उत्तर सापडलेलं नाही. मुलाला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. पुढच्या महिन्यात येतोय तो, मंडळात आणेन, त्याच्याशी नोकरीचं बोला, लग्नाचंसुद्धा बोला हवं तर.