पॉपी : कागदी पेल्यातून गादीवाफ्यात, अमळनेर

रथसप्तमी झाली. वाफ्यातल्या पॉपीच्या फुलझाडांनी जमीन धरली आहे आणि शर्ली या वाणाच्या पुढच्या रांगेत कळ्या लोंबायला लागल्या आहेत. बियांपासून इथपर्यंत काय काय केलं ते आता सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खानदेशात पॉपी लावणारे थोडे आणि पाकिटावरच्या सूचना थंड मुलखातल्या.

आपला हंगाम तोकडा आहे, सगळं त्यावरच ठरतं. ऑक्टोबर हीटमध्ये बी रुजत नाही. त्याला साधारण १५ ते २० अंशांची गार माती लागते. होळी झाली की ऊन तापतं, झाड घाईघाईने बोंडं धरतं आणि संपतं. मधल्या थंडीत सोटमूळ जेवढं खोल जाईल तेवढीच फुलं. म्हणून माझा भर एकाच गोष्टीवर राहिला : रोप अगदी लहान असतानाच वाफ्यात गेलं पाहिजे.

पॉपी थेट जागेवरच पेरावी असं बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि सोटमुळाचा विचार केला तर ते बरोबरही आहे. पण आपली काळी माती पाणी दिल्यावर वरून पापडी धरते. इतकं बारीक बी त्यातून वर येणं अवघड. शिवाय या बियांत तेल असतं, मुंग्या त्या उचलून नेतात. तेव्हा पहिले काही आठवडे ओट्यावर, कुंडीच्या मातीत, पुढे जमीन.

दिवाळीचे फटाके संपले, पहाटे पांघरूण लागायला लागलं, तेव्हा पेरणी केली. वर्तमानपत्राच्या घड्यांचे उभट पेले वळले, कारण रोप पेल्यासकट पुरता येतं आणि मूळ उघडं पडत नाही. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेली वाळू आणि थोडं गांडूळखत. बी कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरलं, हाताने हलकं दाबलं. शर्लीच्या बियांवर माती अजिबात नाही, त्यांना उजेड लागतो. कॅलिफोर्निया पॉपीचं बी जरा मोठं, त्यावर अगदी पातळ थर दिला. पाणी वरून घातलंच नाही. पेले परातीत ठेवून खालून शोषू दिलं. वरून झारी फिरवली की बी एका कोपऱ्यात गोळा होतं, आणि वरची माती सतत ओली राहिली तर रोपं बुडाशी कोलमडतात. मातीत ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकूज रोखणारी उपयुक्त बुरशी, आधीच मिसळलं होतं.

उगवण दाट झाली. विरळणी करताना रोपं उपटली नाहीत, बारीक कात्रीने कापली. उपटलं की शेजारच्याचं मूळही हलतं. एका पेल्यात एकच रोप ठेवलं. मन धजत नाही, पण इथे दया कामाची नाही.

खरी चार पानं आली तशी पेले ओट्यावरून अंगणात, आधी फक्त सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग दुपारपर्यंत, मग रात्रीही बाहेर. रोपं इतकी चिमुकली दिसतात की अजून थोडी वाढू द्यावीत असा मोह होतो. तो आवरावा. मूळ पेल्याच्या तळाला टेकून वळलं की पुढे झाड खुरटतं.

वाफा वीतभर उंच केला, काळ्या मातीत मुरूम, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून. वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल उरल्यावर, संध्याकाळी लागवड, दोन रोपांत वीतभर अंतर. पेल्याचा कागद मातीच्या वर डोकावत असेल तर तेवढा फाडून टाकायचा, नाहीतर तो वात होऊन मुळाजवळची ओल वर ओढतो. वाऱ्याला आणि मांजरांना आडोसा म्हणून शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या चहूबाजूंनी खोचल्या. खत पुन्हा दिलं नाही. जास्त दिलं की नुसता पाला माजतो.

पॉपीला काय मानवतं हे बघायचं तर बांधावरचा पिवळा धोत्रा बघावा. तो याच कुळातला. पडीक, कोरड्या जागी पानं जमिनीलगत पसरून थंडी काढतो आणि मूळ खाली सोडतो. माझी रोपंही जानेवारीभर तशीच बसून होती. वर वाढ दिसेना, तरी पाणी वाढवलं नाही.

शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, “हाई खसखस शे का?” प्रश्न योग्यच आहे. डब्यातली खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, आणि ते कुणीही पेरू नये. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अफूची लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच. पाकिटावर शर्ली, म्हणजे पॅपाव्हर ऱ्हियास, किंवा कॅलिफोर्निया असं स्पष्ट नाव असेल तरच घ्या.

आता कळ्या मान खाली घालून आहेत. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, त्यांची रीतच तशी. उमलायच्या आधी देठ ताठ होतो आणि हिरव्या टोपीचे दोन्ही तुकडे गळतात. फूल जेमतेम एक-दोन दिवस टिकतं. मध नसतो, तरी परागासाठी मधमाश्या सकाळीच येतात.

मला बी पांढऱ्या कडेच्या फुलांचं हवं आहे. शर्लीचा उगमच तो : १८८० मध्ये इंग्लंडातल्या शर्ली गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांना आपल्या बागेच्या शेताला लागून असलेल्या कोपऱ्यात, रानटी लाल पॉपींत पांढऱ्या कडेचं एक फूल दिसलं, आणि वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी हा वाण घडवला. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो, म्हणून रंग सहज मिसळतात. साधी लाल फुलं निघतील ती झाडं पहिल्याच सकाळी काढणार आहे. ठेवलेल्या झाडांवर दोरा बांधेन, आणि बोंडाच्या झाकणाखालची भोकं मिठाच्या दाणीसारखी उघडली की ती कापून कागदी पाकिटात, रंगाप्रमाणे वेगवेगळी.