नंबरप्लेटची चौकट

गुहागर, रविवार, १४ डिसेंबर २०२५

आज सुट्टी असल्यामुळे सकाळचा चहा झाल्यावर अंगणात पाट टाकून मी स्कूटरच्या मागे बसले आणि दुपारी वहिनीने जेवायला तिसरी हाक मारेपर्यंत तिथून उठले नाही. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा धातूचा साचा, असला की जमिनीवर बसणे हे एक काम असते आणि उठणे हे दुसरे, त्यामुळे एकदा बसल्यावर सगळे उरकूनच उठायचे, हा माझा जुना नियम आहे. काम म्हटले तर क्षुल्लक होते. मागच्या नंबरप्लेटची चौकट नीट बसलेली नव्हती आणि गेले तीन आठवडे ती माझ्या पाठीमागे सतत टकटकत होती.

माझ्या गाडीला गावात सगळे तीनचाकी म्हणतात. चाके मोजली तर ती चार भरतात, कारण मागचे मूळ चाक जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके बसवलेली आहेत. पण हा हिशेब कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’, म्हणजे पंगूची गाडी, असे नाव होते, २०१९ च्या दुरुस्तीने ते जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे गरजेप्रमाणे बदललेली गाडी, आले. नाव सुधारले हे बरे झाले. मात्र बाजारातला प्रत्येक सुटा भाग अजूनही एकतर दुचाकीच्या मापाचा असतो नाहीतर रिक्षाच्या, आणि मधल्या मापाचा जो काही फरक उरतो तो कानस घेऊन आपला आपण घासावा लागतो.

नंबरप्लेट बदलण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहेच. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली आणि माझी स्कूटर २०१४ सालची. मुदत वाढत वाढत गेली तसा माझा आळसही वाढत गेला, आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये रजा टाकून चिपळूणला एका केंद्रावर जाऊन मी त्या प्लेटा बसवून घेतल्या. पुढची प्लेट व्यवस्थित बसली, तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. मागे मात्र घोटाळा झाला. आधाराच्या चाकांचा आडवा दांडा आल्यापासून प्लेटची मूळ जागा झाकली गेली होती, म्हणून त्या वेळच्या मिस्त्रीने दांड्यावरून एक लोखंडी पट्टी खाली सोडून जुनी प्लेट तिला अडकवली होती. केंद्रावरच्या मुलाकडे या पट्टीसाठी वेगळे काही नव्हते. त्याने काळ्या प्लॅस्टिकची एक तयार चौकट काढली, प्लेट तिच्यात ठेवून कुलपाच्या खिळ्यांनी जखडली, आणि मग चौकटीच्या वरच्या दोन कानांत स्क्रू पिळून ती पट्टीवर टांगली. खालच्या दोन कानांची भोके पट्टीच्या भोकांसमोर येत नव्हती, तेव्हा ते कान त्याने तसेच मोकळे सोडले. ‘‘ताई, दोन स्क्रू पुष्कळ झाले,’’ असे म्हणून तो पुढच्या गाडीकडे वळलासुद्धा.

या प्लेटचा सारा भर तिच्या कुलपावर आहे. हा खिळा एकदा दाबून बसला की तोडल्याशिवाय निघत नाही आणि तुटला की पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे चोराला प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये. माझ्या बाबतीत कुलूप कडीला पक्के बसले होते, पण ती कडीच दाराला दोन साध्या स्क्रूंवर लटकत होती. पुन्हा चिपळूणला जाऊन भांडावे, असे एकदा मनात आले. जायला पंचेचाळीस किलोमीटर, यायला तितकेच, आणखी एक रजा, आणि तिथे जाऊन पुन्हा त्याच मुलासमोर उभे राहायचे. त्यापेक्षा कुलपांना हात न लावता, प्लेट आणि चौकट एकसंध ठेवून फक्त चौकट आणि पट्टी यांचे जमवावे, असे मी ठरवले.

भाचा सुट्टीला आलेला आहे. तो म्हणाला, ‘‘आत्या, दोन प्लॅस्टिकच्या टाय ओढ नि मोकळी हो. दोन मिनिटांचे काम आहे.’’ त्या टाय आमच्याकडच्या उन्हात वर्षभरात कडक होऊन तुटतात आणि नेमक्या तुटतात त्या पावसात, हे त्याला मुंबईत राहून कळायचे नाही. तरी ड्रिल मशीन त्यानेच शेजारून मागून आणले, हेही लिहून ठेवते.

काल रात्रीच पट्टीच्या बोल्टांवर रॉकेलचे चार थेंब सोडून ठेवले होते, त्यामुळे सकाळी पाना लावताच ते कुरकुरत का होईना, फिरले. वरचे दोन स्क्रू तर पेचकसाने आपण होऊन निघाले, इतके ते सैल झाले होते. तीन आठवड्यांत त्यांच्यावरचा जस्ताचा मुलामा जाऊन डोक्यावर तांबूस गंज धरला होता आणि त्याचे दोन ओघळ पांढऱ्या प्लेटवर उतरले होते. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तर स्क्रूंचे काय?

चौकट उलटी करून पाहिली तेव्हा आवाजाचे मूळ सापडले. चौकटीची पाठ सलग नाही, तिला दोन खिडक्या आहेत, आणि डाव्या खिडकीतून पट्टीचे खालचे टोक थेट प्लेटच्या पाठीला टेकत होते. तिथे अॅल्युमिनियमवर नखाएवढा चकाकता चरा पडला होता आणि त्याच्या कडेने पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. अॅल्युमिनियम एकटे असले तर स्वतःच्या अंगावर एक पातळ थर धरून खाऱ्या वाऱ्यातही बराच काळ निभावून नेते. पण त्याला लोखंड टेकले, मध्ये मिठाचे पाणी आले आणि वर सतत घासणे चालू राहिले की तो थर टिकत नाही आणि धातू पोखरला जातो. या प्लेटचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. दोन पावसाळ्यांत तिथे भोक पडले असते.

टोक तिथवर पोचले कसे, याचा दोष मात्र केंद्रावरच्या मुलाला देता येणार नाही. पट्टी मुळात वाकलेली होती आणि ती मीच वाकवली होती. मागच्या गणपतीत दाभोळला मावशीकडे जाताना धोपाव्याच्या जेटीवर ओहोटीची वेळ होती, फेरीबोटीची फळी बरीच खाली टेकलेली होती आणि बोटीत चढताना गाडीचा मागचा भाग काँक्रीटवर खरवडल्याचा आवाज मी ऐकला होता. तेव्हा खाली उतरून पाहणे शक्य नव्हते, कारण मागे जीपवाला हॉर्न वाजवत होता. नंतर ते विसरले. जुनी प्लेट लवचिक असल्यामुळे वाकलेल्या पट्टीवर ती निमूटपणे वाकून राहिली होती, नवी ताठ चौकट राहिली नाही.

पट्टी काढून अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवली आणि हातोडीने हलके हलके ठोकून सरळ केली. चिरा मऊ असल्यामुळे ठोक्याचा मार खातो आणि लोखंडावर वण पडत नाही, ही युक्ती वडिलांची आहे. फूटपट्टी उभी लावून उजेड आत दिसेनासा झाला, तेव्हा हात थांबवला. मग एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चौकटीच्या पाठीवर धरून चारही कानांच्या भोकांवरून पेन्सिल घासली आणि तो ठसा पट्टीवर ठेवून पाहिला. वरची भोके बरोबर होती. खालची दोन्ही पाच पाच मिलिमीटर आतल्या बाजूला होती.

भाच्याने लगेच ड्रिल सरसावले. पण सहा मिलिमीटरच्या भोकाशेजारी पाच मिलिमीटरवर दुसरे भोक पाडता येत नाही, पाते घसरून जुन्या भोकात जाऊन पडते. दोनदा तसे झाल्यावर त्यालाही ते पटले. अशा वेळी भोक लांबवणे हाच मार्ग. गोल कानस घेऊन दोन्ही भोके बाहेरच्या बाजूला ओढत नेली. तीन मिलिमीटर जाडीचे लोखंड हाताने घासायचे म्हणजे एका भोकाला पाऊण तास लागला आणि उजव्या तळहाताला फोड आला. कानशीचा आवाज पहिल्यांदा किरकिरता असतो, दाते लोखंडात रुतले की तो खाली उतरतो आणि मग हाताला लय सापडते. ती सापडल्यावर दुसरे भोक केव्हा झाले, ते कळलेही नाही. घासलेल्या कडा उघड्या राहिल्या की गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून त्यांना तांबड्या ऑक्साइडच्या गंजरोधक रंगाचा एक हात दिला. तो वाळेपर्यंत चौकटीकडे वळले.

चौकटीची खालची कड सहा मिलिमीटर रुंद आहे आणि प्लेटच्या डाव्या कोपऱ्यात खाली लेसरने कोरलेला जो दहा अंकांचा क्रमांक असतो, तो नेमका तिच्याखाली गेला होता. वरच्या कोपऱ्यातले अशोकचक्राचे होलोग्राम आणि निळ्या रंगातले आयएनडी एवढे दिसत होते, पण अंक झाकलेले. मोटार वाहन नियमांतल्या पन्नासाव्या नियमाने प्लेटवर जे जे असायला सांगितले आहे, ते दिसायला नको का? प्लेट बरोबर २०० बाय १०० मिलिमीटरची आहे, नियमात जसे लिहिले आहे तशी. बेताल माप आहे ते चौकटीचे. तीच लग्नपत्रिका कडेखाली सरकवून, प्लेटला ओरखडा जाऊ न देता, हॅक्सॉच्या सुट्या ब्लेडने कडेचा तेवढा तुकडा कापून टाकला आणि कापलेली जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. आता अंक स्वच्छ वाचता येतात, अर्थात चष्मा लावून.

शृंगारतळीच्या हार्डवेअरच्या दुकानातून परवाच स्टेनलेसचे सहा मिलिमीटरचे चार बोल्ट, नायलॉनची कडी असलेले नट आणि मोठे वायसर आणून ठेवले होते. साधा नट एकाच सिलिंडरच्या थरथरीने हळूहळू फिरत जातो. या नटातली नायलॉनची कडी आट्यांना घट्ट धरून ठेवते आणि त्याला सुटू देत नाही. स्कूटरची जुनी ट्यूब कापून तिच्या चकत्या केल्या. वरच्या कानांखाली एकेक चकती आणि खालच्या कानांखाली दोन दोन, अशी योजना केली, आणि प्लेट व चौकट यांच्यामध्ये खालून जी दोन मिलिमीटरची फट होती तिच्यात ट्यूबचीच एक चिंधी पेचकसाच्या टोकाने ठासली. पट्टीच्या खालच्या टोकाला रबराची टोपी चढवली, म्हणजे पुढे कधी पुन्हा वाकली तरी लोखंड प्लेटला शिवणार नाही. बोल्ट आवळताना रबर किंचित फुगले की थांबायचे. प्लॅस्टिकचा कान जास्त आवळला तर आज काही होत नाही, चार दिवसांनी तो तडकतो.

खाली दोन चकत्या देण्याचे कारण आवाजाचे नव्हते, ते दिव्याचे होते. मागची नंबरप्लेट रात्री पांढऱ्या प्रकाशात पंधरा मीटरवरून वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. माझा दिवा मूळ जागी, म्हणजे प्लेटच्या बराच वर राहिला आहे, आणि चौकटीच्या वरच्या कडेची सावली पहिल्या ओळीवर पडत होती. खालची बाजू थोडी बाहेर आली की प्लेटचे तोंड दिव्याकडे वळते. संध्याकाळी दिवेलागणीला भाच्याला सुपारीच्या आळ्यांपलीकडे, वीस पावलांवर उभे केले आणि गाडीचा दिवा लावला. ‘‘एमएच शून्य आठ,’’ त्याने सुरुवात केली आणि शेवटच्या आकड्यापर्यंत न अडखळता वाचले. त्याला नंबर पाठ आहे, हे नंतर लक्षात आले. मग शेजारच्या काकांना बोलावून वाचायला लावले. त्यांनीही बरोबर वाचले, फक्त एवढ्यासाठी त्यांना वर्तमानपत्रावरून का उठवले, असे विचारले.

त्यानंतर मी पालशेतच्या रस्त्याने एक फेरी मारून आले. खडखडाटाला ठरलेला वेग होता, तिशीच्या आसपास तो सुरू व्हायचा आणि चाळिशीला वाऱ्यात बुडून जायचा, म्हणून मुद्दाम तिशीवरच गाडी धरून ठेवली. उताराच्या वळणाशी जिथे रस्ता उखडलेला आहे, तिथे कान देऊन ऐकले. टकटक गेली होती. पण तिच्याखाली इतके दिवस दडलेला दुसराच एक बारीक, लाकडी आवाज आता स्पष्ट ऐकू येत होता, आणि गाडी कडेला घेऊन हात फिरवत गेले तर तो माझ्या कुबडीचा निघाला. पायाशी जी क्लिप आहे तिच्यात ती ढिली झाली आहे आणि प्रत्येक खड्ड्याला आपटते आहे.

ट्यूबचा वीतभर तुकडा उरलेला आहे. तो पेटीत न टाकता कातरीसह ओसरीच्या कट्ट्यावर काढून ठेवला आहे.