तुम्ही विचारलंत म्हणून: महागडं कार्ड आणि चार वाजताचा चेक-आउट

"वहिनी, त्या कार्डाला एवढी फी भरता, मग ताजमध्ये फुकट राहता की काय?" सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, गड्डा जत्रेत भेटलेले लोकही विचारतात.

फुकट कुणीच ठेवून घेत नाही. माझं कार्ड अमेरिकन एक्सप्रेसचं प्लॅटिनम. भारतात त्याची वर्षाची फी जीएसटीसह 70 हजारांच्या वर जाते. त्यांची 'फाइन हॉटेल्स अँड रिसॉर्ट्स' नावाची यादी आहे. तिच्यातून खोली घेतली की दोघांचा रोजचा नाश्ता मिळतो, वायफाय मिळतं आणि मुक्कामात वापरायला साधारण 100 डॉलरचं क्रेडिट मिळतं. जमलं तर दुपारी 12 ला चेक-इन, जमलं तर वरच्या दर्जाची खोली. आणि निघायच्या दिवशी दुपारी 4 वाजेपर्यंत खोली सोडावी लागत नाही, याची मात्र हमी.

सोलापूरकराला यातलं खरं उपयोगी पडतं ते हे शेवटचं. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी मुंबईत उतरवते आणि परतीची रात्री साडेदहानंतर सुटते. एक रात्र राहिलं तरी दोन पूर्ण दिवस हातात असतात, फक्त दुसऱ्या दिवशी बाराला खोली गेली की दुपारभर कापडाच्या सॅम्पलच्या बॅगा सांभाळत फिरायचं. 4 पर्यंत खोली असली की खरेदीदाराला भेटून परत यावं, अंघोळ करावी, तासभर पाठ टेकावी. वंदे भारतने परतणाऱ्यांना मात्र याचा काडीचा फायदा नाही. ती मुंबईहून चारच्या सुमारालाच सुटते.

'जमलं तर'वाल्या गोष्टी हिशेबात धरूच नयेत. जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. बरोबर सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, त्यामुळे आमच्या कापडाच्या धंद्यातल्या किती जणांचा यात्रेतला अक्षता सोहळा हुकतो! त्या आठवड्यात फ्रँकफर्टमधली हॉटेलं भरलेली, भाडी चढलेली. वरची खोली रिकामीच नसेल तर कार्ड काय करणार? शिवाय बिल युरोत. रुपयांतल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो, आमच्या कार्डावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. व्हिसा किंवा मास्टरकार्ड दिलंत तर तिथं मशीनवर "रुपयांत भरू का?" असं विचारतात. नाही म्हणा, युरोतच भरा. रुपयांतला दर त्यांचा असतो आणि तो बहुधा आणखी महाग पडतो.

आता तुलना कशाशी करायची? लोक हॉटेलच्या वेबसाइटवरचा सर्वात स्वस्त दर बघून म्हणतात, कार्डाचं महाग आहे. स्वस्त दर बहुतेकदा आगाऊ पैसे भरायचा आणि रद्द केल्यास पैसे न मिळणारा असतो. नाश्त्यासह, रद्द करता येणारा दर काढा आणि तो शेजारी ठेवा. मग फरक उरला तर किती, ते दिसेल. ते 100 डॉलर मी पूर्ण धरत नाही. रात्रीचं जेवण तिथंच घेणार असेन तर धरते. नुसतं संपवायचं म्हणून मसाज घ्यायचा, तर ती बचत कसली? हे क्रेडिट मुक्कामाला एकदाच मिळतं, रात्रीमागे नाही. एकाच हॉटेलात लागोपाठच्या दोन रात्री वेगवेगळ्या बुक करण्याची युक्ती चालत नाही, तो एकच मुक्काम धरतात. आणि कार्ड ज्याच्या नावावर, त्यानं स्वतः राहायला हवं. मुलाला पाठवून चालत नाही.

मला कुणी विचारत नाही, पण पैसे खरे वाचतात ते जीएसटीत. 7,500 रुपयांच्या वरच्या खोलीवर 18 टक्के लागतो. धंद्याच्या कामाला गेला असाल तर मुंबईच्या बिलावर आपला जीएसटी नंबर घालून घ्या, खोलीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. दिल्लीच्या हॉटेलात तेच बिल महाराष्ट्रातल्या नोंदणीला उपयोगाचं नाही, कारण तिथं त्या राज्याचा कर लागतो. काउंटरवर नंबर सांगायला दहा सेकंद लागतात, तरी आपले लोक विसरतात.

म्हणून वर्षाकाठी एखाद्या लग्नासाठी मुंबईला जाणाऱ्यांना मी हे कार्ड घेऊ देत नाही. त्यांच्या पाकिटात बहुधा आधीच बँकेचं व्हिसा सिग्नेचर किंवा इन्फिनिट असतं. व्हिसाचीही आलिशान हॉटेलांची यादी आहे: नाश्ता, 25 डॉलरचं खाण्यापिण्याचं क्रेडिट, जमलं तर 3 वाजता चेक-आउट. परवा आमच्या पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "काकू, कार्ड आहे माझ्याकडे, पण ते मी पेट्रोललाच वापरतो."