एकाच तारखेला दोन नोंदी

१ मे, रात्री साडेदहा

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून टाकते.

समाजमंदिराची चावी आमच्या खुंटीला असते आणि नोंदवही फ्रिजवर. त्या वहीत १ मेच्या ओळीवर माझ्याच अक्षरात दोन नोंदी निघाल्या. एक ग्रामसभा, दुसरा खालच्या गल्लीतल्या पोरीचा साखरपुडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, सभेच्या तारखा तोंडपाठ असून ही गत. पण पोरीचा बाप पेढे घेऊनच आला होता. तोंडात पेढा असताना नाही कसं म्हणायचं?

सभेची नोटीस गावभर लागलेली, त्यामुळे वेळ बदलायला ग्रामसेवक भाऊसाहेब तयार नाहीत. शेवटी असं ठरलं, साखरपुडा आत आणि सभा दारातल्या मांडवात. मांडवही साखरपुड्याचाच, भाडं पोरीच्या बापानं भरलेलं.

अकरा वाजता मांडवात ६४ सह्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यातलं जे कमी असेल ते. आमचा आकडा १००. आतून मसालेभाताचा वास यायला लागला तशी ६४ मधलीही चारदोन हळूच उठली. एक पोरगं म्हणालं, "भाऊसाहेब, आत तीनशे माणूस बसलंय, निम्मं आपलंच हाय. वही आत फिरवा की!" भाऊसाहेब म्हणाले, "वही आत जाणार न्हाई. माणसं भायेर येऊ देत." जिलेबी सोडून कोण येतंय? सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. माझ्यावर कुणी चिडलं नाही, उलट एकदोघं हसून गेली. असो.

लिहायचं होतं ते वेगळंच.

पोरीची थोरली चुलती, आम्ही सगळ्या त्यांना काकूच म्हणतो. हॉलची भांडी मोजून घ्यायची आणि मोजून ठेवायची हे काम त्यांचं. २०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. तेव्हा खालची सगळी गल्ली या हॉलमध्ये राहायला होती. त्या दिवसांत एक वाटी हरवली नाही ती काकूंमुळे. या पुतणीला तर त्यांनीच वाढवलंय, आई शेतात आणि पोरगी यांच्या मांडीवर.

ओटी भरायची वेळ झाली. बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं सरल्या आणि मला काकू दिसेनात. मागच्या खोलीत गेले तर भिंतीकडं तोंड करून वाट्या मोजत बसलेल्या. सकाळीच मोजल्या होत्या, १८०. मी शेजारी उभी होते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती त्याच आठवड्यात. पुढं सरकारनंही परिपत्रक काढलं, बाकीच्या गावांनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून. आमच्या गावानंही गिरवला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. ठराव याच हॉलमध्ये झाला, आणि त्या दिवशी मात्र गणपूर्ती होती. माझाही हात वर होता, काकूंचाही. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तो अजून कपाटावर आहे, फ्रेमला हळदीचे डाग पडलेत.

आज त्यांना कुणी उठ म्हटलं नव्हतं. त्या आपणच उठल्या, कुणी म्हणायच्या आधी. मी म्हटलं, "काकू, चला की बाहेर. पोरगी वाट बघतीया." त्या मान वर न करता म्हणाल्या, "तू हो पुढं. माझा आकडा चुकंल."

आणि मी गेले. बाहेर जाऊन पोरीला कुंकू लावलं, तिची ओटी भरली. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या खोलीच्या दाराकडं. हाताला धरून काकूंना आणता आलं असतं. तीनशे माणसांत तमाशा नको, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं. ठरावाला हात वर करताना तमाशाचा विचार आला नव्हता.

संध्याकाळी हॉल झाडून झाला. काकूंनी वाट्या परत मोजल्या, १७८ भरल्या.

"दोन कमी हाईत," म्हणाल्या. "पोरीच्या घरी गेल्या असतील. सकाळी मीच जाऊन घिऊन येतो."

"मी पण येते," म्हटलं.

"ये की," म्हणाल्या, आणि चावी माझ्या हातात दिली.