मान खाली घालून केलेली प्रार्थना

उपासना लोकांच्या भाषेत असली म्हणजे ती सर्वांना कळते, अशी चर्चचा पाळक म्हणून माझी अनेक वर्षे समजूत होती. एका बाप्तिस्म्याच्या रविवारी ती टिकली नाही.

बाळाच्या आईकडचे नातेवाईक ख्रिस्ती नव्हते आणि त्यांतले बहुतेक जण पहिल्यांदाच उपासनेला आले होते. आजोबा दुसऱ्या रांगेत, माझ्या अगदी समोर बसले होते. मी नेहमीप्रमाणे ‘लूक पंधरा, अकरापासून’ एवढेच म्हटले, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, अकराव्या वचनापासून. त्यांनी पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, पंधरावे पान उघडले आणि अकरा हा आकडा शोधत ओळींवरून बोट फिरवू लागले. ते पान उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्याच पुस्तकातले होते. मी उधळ्या पुत्राचा दाखला वाचत होतो आणि त्यांचे बोट भलत्याच कथेत अडकले होते. पुढे मंडळी प्रत्येक वेळी उभी राहिली, की ते शेजाऱ्याकडे पाहून क्षणभर उशिरा उठत. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या भाकरीचे, ताट समोर आले तेव्हा त्यांनी ते घाईघाईने पुढे सरकवले, कारण ते घ्यायचे की नाही आणि न घेतल्यास अपमान होतो का, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

उपासना संपल्यावर ते म्हणाले, “नातवाच्या डोक्यावर पाणी घालताना तुम्ही जे बोललात, ते मला समजून घ्यायचं होतं. पण तेव्हा मी कधी उठायचं, याच काळजीत होतो.”

हे बोलणे चालू असताना आमच्या मंडळीतील एक कर्णबधिर भगिनी जवळच उभी होती. आमच्या ओठांवरून तिला विषय कळला असावा. उपासना पत्रिकेच्या मागे तिने लिहून दिले: “तुम्ही प्रार्थनेसाठी मान खाली घालता, तेव्हा तुमचे ओठ दिसत नाहीत. माझी प्रार्थना तिथेच थांबते.” ती सहा वर्षे येत होती. पाहुण्यांचे अवघडलेपण मला निदान त्या दिवशी तरी दिसले. हिचे सहा वर्षांत एकदाही दिसले नव्हते.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाविधी प्रसिद्ध केला आणि कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये रोमन कॅथलिक उपासनेत लोकभाषेला अधिक वाट करून दिली, हे मी तरुणांना अभिमानाने शिकवतो. त्या रात्री मात्र मी बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडून बसलो. तेथे प्रेषित पौल विचारतो की, तुझे बोलणे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसे म्हणेल? त्याच्यापुढे प्रश्न इतरांना न कळणाऱ्या ‘अन्य भाषां’त केलेल्या प्रार्थनेचा होता, माझ्यापुढे माझ्या खाली घातलेल्या मानेचा.

पुढच्या रविवारी मी अतिरेक केला. प्रत्येक टप्प्यावर थांबून खुलासा करत गेलो आणि उपासनेला स्थानकावरच्या सूचनांची कळा आली. “उपासना म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे,” असे एका वडीलधाऱ्या सभासदाने सुनावले आणि ते मला पटले. कृपा, तारण, करार हे शब्द मी काढले नाहीत. ते गेले तर सांगण्यासारखे उरते तरी काय? शास्त्रपाठाबरोबर पानाचा क्रमांक देऊ लागलो, प्रभूची प्रार्थना व विश्वासांगीकार (सर्वांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली) पूर्ण छापू लागलो, ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे’ असे म्हणू लागलो, आणि प्रभुभोजनापूर्वी ते कोणासाठी आहे व न घेणाऱ्याने नुसते बसून राहिले तरी चालते, हे दोन वाक्यांत सांगू लागलो.

डोके वर ठेवून, डोळे उघडे ठेवून प्रार्थना करणे मात्र मला फार जड गेले. आपण देवाशी बोलत आहोत की लोकांपुढे भाषण करत आहोत, असे वाटून दोनदा वाक्य अडखळले. त्या भगिनीची नजर माझ्या ओठांवर होती. मी थांबलो, मंडळी ‘आमेन’ म्हणाली, आणि किंचित मागाहून तिचाही ‘आमेन’ ऐकू आला, जरा मोठ्याने आणि वेगळ्या सुरात.